दुर्बिणीवर फिरता क्विक-रिलीज ॲडॉप्टर बसवताना

देवयानी दीर्घिका आकाशात साधारण ३ अंश लांब आणि १ अंश रुंद आहे. तिची लांबी उत्तरेपासून पूर्वेकडे ३५ अंश कललेली आहे. ३६० मिमी फोकल लेंथच्या दुर्बिणीमागे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा लावला तर ३.७ बाय २.५ अंशांची चौकट मिळते. चौकटीची लांब बाजू दीर्घिकेच्या लांबीला धरून ठेवली तर दीर्घिका ऐसपैस मावते. आडवी पडली तर दोन्ही टोकं कापली जातात. म्हणून कॅमेरा फिरवता आला पाहिजे. चौरस सेन्सर असेल तर याची गरज बरीच कमी होते, पण बहुतेकांकडे आयताकृती सेन्सरच असतो.

सुरुवातीला सगळे फोकसरचे (फोकस साधायला आत-बाहेर सरकणाऱ्या भागाचे) दोन अंगठास्क्रू सैल करून २ इंची नळीसकट कॅमेरा फिरवतात. कोन हवा तसा मिळतो, पण नळी आणि भोक यांत फट असते आणि स्क्रू एकाच बाजूने ढकलतात, त्यामुळे कॅमेरा किंचित कलतो. मग चित्राच्या एका कोपऱ्यातले तारे टोकदार आणि समोरच्या कोपऱ्यातले लांबुळके दिसतात. हे टाळायला फिरता क्विक-रिलीज ॲडॉप्टर, म्हणजे दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यामधला फिरणारा आणि झटकन सुटणारा जोड, घेतात. घेताना एक गोष्ट मनात पक्की असावी: फिरवणं ही या ॲडॉप्टरची सोपी बाजू आहे. फिरवून झाल्यावर तो दर वेळी तितकाच सपाट परत बसतो का, यावर त्याची किंमत ठरते.

आत काय असतं

ॲडॉप्टर दोन भागांचा असतो. एक कडं, ज्याच्या बाहेरच्या अंगाला व्ही आकाराची खाच असते; हीच डोव्हटेल रिंग. दुसरा भाग म्हणजे हे कडं ज्यात उतरतं तो घेर. घेराच्या भिंतीत १२० अंशांवर तीन स्क्रू असतात आणि त्यांची टोकं निमुळती असतात. ही टोकं खाचेच्या बरोबर तळाशी न लागता दुर्बिणीकडच्या उताराला टेकतात. स्क्रू आत जातो तसं कडं पाचरीसारखं दुर्बिणीकडे ओढलं जातं आणि त्याचं सपाट तोंड घेराच्या सपाट तोंडावर घट्ट बसतं. कॅमेरा सरळ राहतो तो या दोन तोंडांमुळे. स्क्रूंचं काम फक्त ओढून धरण्याचं.

म्हणून विकत घेताना बाहेरचा रंग आणि कोरलेले अंश नंतर पाहा, आधी आतली तोंडं पाहा. कड्याचं टेकणारं तोंड निदान ३-४ मिमी रुंद असावं. त्यावर ॲनोडायझिंगचे (ॲल्युमिनियमवरच्या थराचे) फुगवटे किंवा बर (कापताना उभी राहिलेली धार) नकोत. दोनच स्क्रू असलेला ॲडॉप्टर घेऊ नये, कारण दोन स्क्रू कडं मध्यावर आणू शकत नाहीत. ताकाहाशीच्या कॅमेरा अँगल ॲडजस्टरसारखे काही प्रकार फक्त फिरतात, कॅमेरा सुटा होत नाही. बाडरच्या टी-२ क्विक चेंजरसारखे फिरतातही आणि सुटतातही. दोन कॅमेरे आलटून-पालटून लावणार असाल तर दुसरा प्रकार घ्यावा आणि प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतंत्र डोव्हटेल रिंग कायमची लावून ठेवावी.

सपाटपणाचा एवढा आग्रह का, ते आकड्यांत पाहू. ६० मिमी व्यासाच्या तोंडावर एका कडेला ०.१ मिमीचा कण अडकला, तर २३.५ मिमी रुंद सेन्सरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास ०.०४ मिमी फरक पडतो. हिरव्या प्रकाशात फोकस टिकण्याची पूर्ण खोली एफ/६ ला (फोकल लेंथ दुर्बिणीच्या व्यासाच्या सहापट) सुमारे ०.०९७ मिमी असते, एफ/४ ला फक्त ०.०४३. म्हणजे एफ/६ ची दुर्बीण हा कण सहज पचवते, एफ/४ च्या न्यूटोनियनमध्ये (आरशाच्या दुर्बिणीत) तो फोकसची जवळजवळ सगळी खोली खातो. आणि खान्देशात फेब्रुवारीपासून कण कुठून येतो हे सांगायला नको. शेतं मोकळी होतात, उन्हाळी नांगरट सुरू होते आणि काळ्या मातीची बारीक धूळ संध्याकाळपर्यंत हवेत तरंगत असते.

फ्लॅटनरच्या पुढे की मागे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

बहुतेक फ्लॅटनर (चित्राच्या कडेपर्यंत फोकस सपाट करणारं भिंग) आणि रिड्यूसर (फोकल लेंथ कमी करणारं भिंग) आपल्या मागच्या तोंडापासून सेन्सरपर्यंत ५५ मिमी अंतर मागतात. टी-माउंटचा (कॅमेरा दुर्बिणीला जोडायच्या ठरलेल्या मापाचा) हिशेबही ५५ मिमीचाच आहे. कॅननच्या ईएफ माउंटचा कॅमेरा स्वतः ४४ मिमी घेतो आणि टी-रिंग (लेन्सच्या जागी लागणारं कडं) ११ मिमी; बेरीज झाली ५५. निकॉन एफ माउंटला ४६.५ आणि ८.५, बेरीज तीच. म्हणजे डीएसएलआर असेल तर फ्लॅटनर आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक मिलिमीटरही शिल्लक नाही. तिथे १० मिमीचा ॲडॉप्टर घातला की सेन्सर ६५ मिमीवर गेला आणि चारही कोपऱ्यांतले तारे बिघडले. ॲडॉप्टर कितीही चांगला असला तरी हे टळत नाही. डीएसएलआरवाल्यांनी तो फोकसर आणि फ्लॅटनर यांच्यामध्येच लावावा. मग फ्लॅटनर कॅमेऱ्यासोबत फिरतो, त्या दोघांमधलं अंतर कधीच बदलत नाही आणि ॲडॉप्टरची जाडी फक्त फोकसरच्या धावेतून वजा होते.

मिररलेस कॅमेऱ्यांना जागा मिळते. कॅनन आरएफ २० मिमी, सोनी ई १८ मिमी, निकॉन झेड १६ मिमी. म्हणजे ३५ ते ३९ मिमी मोकळे. बाजारातली टी-रिंग मात्र ही सगळी जागा एका लांब नळीने भरून टाकते. आखूड रिंग आणि वेगळे स्पेसर घेतले तर मध्ये ॲडॉप्टर बसतो.

कूल्ड (सेन्सर थंड ठेवणाऱ्या) कॅमेऱ्यांत सेन्सर बऱ्याचदा तोंडापासून १७.५ मिमी आत असतो. मग ३७.५ मिमी उरतात. २१ मिमीचा फिल्टर ड्रॉवर लावला की १६.५ उरले. त्यात १० मिमीचा ॲडॉप्टर आणि ६.५ मिमीचा स्पेसर बरोबर बसतो. काचेचा फिल्टर आपल्या जाडीच्या एक तृतीयांशाने फोकस मागे ढकलतो. २ मिमीचा फिल्टर असेल तर ५५ ऐवजी ५५.७ धरा आणि ०.५ मिमीची पातळ शिम (चकती) हाताशी ठेवा.

इतकी जागा असली तरी आमचं मत फोकसरच्या बाजूकडेच झुकतं. तिथे व्यास मोठा असतो, त्यामुळे तोच कण कमी कोन देतो. अपवाद एकच, न्यूटोनियन. तिथे फोकसर आत जायला मुळातच जागा कमी असते आणि १५ मिमीचा ॲडॉप्टर घातला की फोकसच येत नाही. ऑर्डर देण्याआधी दिवसा दूरच्या टॉवरवर फोकस करून बघा. फोकस आल्यावरही फोकसर ॲडॉप्टरच्या जाडीपेक्षा निदान ५ मिमी जास्त आत जाऊ शकत असेल तरच पुढे जा.

थ्रेड ओळखणं

टी-थ्रेड म्हणजे एम४२×०.७५. जुन्या पेंटॅक्स-प्राक्टिका लेन्सचा थ्रेड म्हणजे एम४२×१. व्यास तोच, पिच (थ्रेडच्या दोन आट्यांमधलं अंतर) वेगळी. एक दुसऱ्यात एक-दीड फेरा जातो आणि अडकतो. तिथे जोर लावला की ॲल्युमिनियमचा थ्रेड कायमचा गेला. मोठ्या सेन्सरसाठी एम४८×०.७५ आणि एम५४×०.७५ चालतात. व्हर्नियरने मोजताना बाहेरचा थ्रेड नावापेक्षा थोडा कमी भरतो, एम४८ साधारण ४७.८ दाखवतो. आतला थ्रेड मोजला तर एम४८ ला ४७.२ आणि एम४२ ला ४१.२ च्या आसपास येतं. "४७ भरतंय, म्हणजे एम४७ असेल" असं समजून भलताच भाग मागवू नका.

स्पेसर कमी पडला तर जळगाव, धुळे, भुसावळला लेथवर करून घेता येतो. कुरिअरची वाट पाहण्यापेक्षा हे बरं. टर्नरला तीन गोष्टी सांगा. माल ६०६१ किंवा ६०८२ ॲल्युमिनियम. पिच ०.७५, आणि जोडीचा खरा भाग सोबत द्या, म्हणजे तो थ्रेड त्यावर लावून बघेल. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: एक तोंड आणि थ्रेड एकाच पकडीत घ्यायचं, आणि दुसऱ्या तोंडासाठी रिंग नुसती उलटी करून चकात (लेथच्या पकडीत) धरायची नाही. चकात ॲल्युमिनियमचा तुकडा धरून त्यावर जोडीचा थ्रेड काढायचा, तो तुकडा न हलवता त्यावर रिंग आवळायची आणि मग दुसरं तोंड घ्यायचं. असं केलं तरच दोन्ही तोंडं समांतर येतात. "भाऊ, काम सुतात नाही, मायक्रोमीटरवर बघायचं आहे" एवढं आधीच बोलून घ्या. रिंगची जाडी चार ठिकाणी मोजा. ०.०२ मिमीच्या आत फरक असेल तर घ्या, नाहीतर परत करा. आतली भिंत काळ्या मॅट रंगाने रंगवा. तोंडांवर आणि थ्रेडवर रंग लागू देऊ नका. स्पेसर असा होतो, पण अख्खा डोव्हटेल ॲडॉप्टर लेथवर करून घेण्याच्या फंदात पडू नका. व्ही खाच आणि स्क्रू यांच्यातला तो किंचित फरक जमला नाही तर कडं ओढलं न जाता उचललं जातं.

बसवणं

पहिल्यांदा बसवणं दिवसा, टेबलावर, पांढऱ्या कापडावर करा. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने सगळी तोंडं पुसा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका. थुंकीचा थेंब काचेवर गेला की आणखी एक काम वाढतं.

स्क्रू असलेला घेर दुर्बिणीकडे, डोव्हटेल रिंग कॅमेऱ्याकडे. असं केलं की कॅमेरा कुठल्याही कोनात असला तरी स्क्रू अंधारात ओळखीच्या जागीच सापडतात. घेर फोकसरवर हाताने घट्ट आवळा. दोन स्क्रू खालच्या बाजूला आणि एक वर येईल असा तो बसला तर उत्तम, कारण खालचे दोन स्क्रू कड्याला आधार देतात आणि वरचा फक्त दाबतो. खान्देशात याचा विशेष उपयोग आहे. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २१ ते २२ अंश वर असतो. दुर्बीण होम पोझिशनला ध्रुवाकडे तोंड करून असते तेव्हा ती जवळजवळ आडवीच असते आणि कॅमेऱ्याच्या वजनाचा ९३ टक्के भाग जोडाला खाली ओढत असतो.

कॅमेरा लावताना तीनही स्क्रू इतके मागे घ्या की कडं न अडखळता आत जाईल. कॅमेरा तळहातावर तोलून, सरळ आत दाबून धरा. एकेक स्क्रू नुसता टेकेपर्यंत फिरवा. मग गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं प्रत्येकाला थोडं थोडं, पाव फेरा, पुन्हा पहिल्यापासून. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर कडं तिरकंच अडकतं आणि हाताला मात्र घट्ट लागतं. ग्रब स्क्रू (डोकं नसलेले) असतील तर एम३ ला १.५ मिमी आणि एम४ ला २ मिमीची ॲलन की लागते. तिला रंगीत दोरा बांधून दुर्बिणीच्या माउंटला (स्टँडला) अडकवून ठेवा.

सपाट बसलं का, ते पाहायला ०.०५ मिमीचं फीलर गेज घ्या. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला वापरतात तेच. जोडाच्या फटीत चारही बाजूंनी पातं घालून पाहा. कुठेच आत जाता कामा नये. एका बाजूला जात असेल तर सगळं सोडून, पुसून पुन्हा बसवा.

घेरावर अंश कोरलेले नसतील तर कागदाची पट्टी चिकटवा. ६० मिमी व्यासाचा परीघ १८८.५ मिमी, म्हणजे १ अंशाला ०.५२ मिमी. दर ५ अंशांना २.६ मिमीवर रेघ ओढली की पुरे.

रात्री कोन लावणं

घरूनच स्टेलेरियम या आकाश-नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या दुर्बिणीची आणि सेन्सरची माहिती भरून चौकट ठरवा आणि कोन लिहून घ्या. रात्री १० सेकंदांचा फोटो काढून ॲस्टॅप किंवा निना या सॉफ्टवेअरमध्ये प्लेट-सॉल्व्ह केला (ताऱ्यांवरून फोटोची जागा आणि कोन ओळखला) की सध्याचा कोन कळतो. फरक काढा, पट्टीवर मोजून तेवढं फिरवा, पुन्हा सॉल्व्ह करा. २ अंशांच्या आत आलं की थांबा. फिरवल्यावर सॉफ्टवेअरचा कोन वाढतो की कमी होतो हे पहिल्या वेळीच पट्टीवर बाणाने लिहून ठेवा.

लॅपटॉप नसेल तरी जमतं. दुर्बीण मृगाच्या पट्ट्याकडे न्या, ट्रॅकिंग बंद करा आणि ३० सेकंदांचा फोटो घ्या. तिथे तारे सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतात, म्हणजे ४५० आर्कसेकंदांची रेघ उमटते. ३६० मिमीवर ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलला ही जवळपास २१० पिक्सेल भरते. ही रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. देवयानीसाठी चौकटीची लांब बाजू या रेघेशी ५५ अंशांचा कोन करायला हवी. कुठल्या बाजूला, ते दीर्घिकेच्या एका छोट्या फोटोत लगेच दिसतं.

फिरवताना कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून नेहमी घड्याळाच्या दिशेने फिरवा. उलट फिरवलं तर जोडाऐवजी एखादा थ्रेडच सुटायला लागतो आणि ते अंधारात कळत नाही. १८० अंश फिरवल्यावर चौकट तीच राहते, फक्त उलटी होते, त्यामुळे घड्याळाच्या दिशेने जाऊन हवा तो कोन कधीही मिळतो. स्क्रू फक्त पाव-अर्धा फेरा सैल करा. दुर्बीण डोक्यावरच्या दिशेने असेल तेव्हा स्क्रूंना हात लावू नका; तेव्हा कॅमेरा खाली लटकत असतो आणि स्क्रू खाचेबाहेर आला की सरळ जमिनीवर येतो. आधी दुर्बीण आडवी करा.

कोन बदलला की पाच कामं मागोमाग येतात. यूएसबी आणि १२ व्होल्टच्या वायरींना पुरेसा झोल आहे का पाहा. हातपकड असलेल्या डीएसएलआरचं वजन एका बाजूला असतं, तेव्हा माउंटच्या क्रांतीच्या (डेक्लिनेशनच्या) अक्षाचा तोल पुन्हा साधा. बाहतिनोव मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची जाळी) लावून फोकस तपासा. ऑफ-ॲक्सिस गायडर (मुख्य दुर्बिणीतूनच बाजूचा तारा पाहून ट्रॅकिंग सुधारणारं साधन) वापरत असाल तर गायडिंगचं कॅलिब्रेशन पुन्हा करा. वेगळी गाईड दुर्बीण असेल तर गरज नाही. फ्लॅट फ्रेम (धुळीचे डाग आणि कडेची सावली काढायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) त्याच कोनात, कॅमेरा काढण्याआधी घ्यायच्या. ॲडॉप्टर फोकसर आणि फ्लॅटनर यांच्यामध्ये असेल तर जुन्या फ्लॅट बऱ्याच जुळतात, तरी फोकसरकडची सावली फिरलेली असते.

कोपरा बिघडला तर

एका कोपऱ्यातले तारे लांबट आले की लोक आधी ॲडॉप्टरवर संशय घेतात. तपासायला १८० अंश फिरवून दुसरा फोटो घ्या. बिघाड चित्राच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर दोष जोडाच्या कॅमेऱ्याकडच्या बाजूला आहे: सेन्सर, टी-रिंग किंवा कडं. बिघाड समोरच्या कोपऱ्यात गेला तर तो दुर्बिणीच्या बाजूला आहे: फोकसर वाकतोय किंवा घेर नीट आवळलेला नाही. चारही कोपरे सारखेच बिघडले असतील तर तो कल नाही, ५५ मिमीचा हिशेब चुकला आहे.

रात्री दोन-तीन तासांनी सगळंच चित्र मऊ पडलं तर ॲडॉप्टर सोडा, तापमान बघा. हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळ ते पहाट १५ अंशांचा उतार नेहमीचाच. ४०० मिमी ॲल्युमिनियमची नळी तेवढ्यात सुमारे ०.१४ मिमी आखडते, एफ/६ च्या फोकसखोलीपेक्षा जास्त. तासाभराने फोकस पुन्हा करा.

कोन अर्धा-एक अंश बदलायला गेलात आणि कडं आपोआप जुन्याच जागी सरकलं, तर स्क्रूच्या टोकाने खाचेत खड्डा पाडलेला असतो. पितळी टोकाचे स्क्रू लावा आणि घेर फोकसरवर १०-१५ अंश सरकवून बसवा, म्हणजे टोकं नव्या जागी टेकतील.

दोन भाग एकमेकांत अडकले तर पक्कड लावू नका. रिंग चेपून लंबगोल होते आणि मग अजिबात सुटत नाही. सायकलच्या ट्यूबचे दोन पट्टे कापून दोन्ही रिंगांभोवती गुंडाळा आणि तळहाताने, बोटांनी न चिमटता, फिरवा. पुन्हा अडकू नये म्हणून थ्रेडवर टूथपिकच्या टोकाइतकं ग्रीस पुरे. टेकणारी तोंडं कोरडीच हवीत. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या दुर्बिणीतलं जास्तीचं ग्रीस पातळ होऊन फ्लॅटनरच्या काचेपर्यंत ओघळतं.

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात आणि तापीकाठी हिवाळ्यात दव भरपूर पडतं. पहाटे सामान आवरताना जोड सोडून दोन्ही तोंडं पुसा, मगच टोप्या लावा. लोखंडी स्क्रू आले असतील तर स्टेनलेस स्टीलचे बदलून घ्या. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कडं आणि घेर वेगळे करून, स्क्रू सैल ठेवून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. जेल दर महिन्याला तव्यावर मंद आचेवर सुकवून परत घाला.